शिमग्यापर्यंत कात्री नको

मावशी समोरच्यापुढं तळहात पसरायच्या आणि म्हणायच्या, "कात्री आण हिकडं." ते मागणं नसायचं, जप्ती असायची. कात्री मिळाली की ती कमरेला खोचायची, मगच पुढचं बोलणं. आमच्या कारखान्यात त्या ठेकेदारामार्फत माळीकामाला होत्या आणि त्यांचा निम्मा दिवस झाडं कापणाऱ्यांशी भांडण्यात जायचा. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, नेमलेलं एका कामाला आणि करणारं भलतंच.

कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं आमची ओतकामाची भट्टी सुरू असताना गेटवर उभं राहून एकदा श्वास घ्यावा. जळकी वाळू आणि तेल, तिसरा वास नाही. गेटजवळ कंपनीनं शोभेची विकतची झाडं लावली होती. एका उन्हाळ्यात टँकर बंद झाला आणि ती सगळी मेली. मावशींनी कुणाला न विचारता राधानगरीकडच्या आपल्या गावातून बिया आणल्या, दुधाच्या पिशव्यांत रोपं केली आणि भिंतीलगत लावली. करवंद, धायटी, कुडा. सहा वर्षांत छातीएवढं कुंपण झालं, तेही टँकरशिवाय.

पण ते फुललेलं कुणी पाहिलंच नव्हतं. दर जानेवारीत, सव्वीस तारखेच्या झेंडावंदनाआधी, कुंपण छाटून एका रेषेत आणायचं हा आमचा शिरस्ता. मॅनेजरसाहेबांना रेषेचं वेड. डोक्यावर केस असते तर तेही त्यांनी गवंड्याकडून ओळंबा लावून कापून घेतले असते. करवंदीची कळी नेमकी त्याच दिवसांत शेंड्याला धरते. मावशी जीव तोडून सांगायच्या, "शिमग्यापत्तोर थांबा की. फुलून जाऊ दे, मग कापा." कुणी ऐकत नसे. मीही नाही. मी ऑफिसात, आणि छाटणीच्या कागदावर सही माझीच असायची.

थंडीत कुड्याची पानं हळदीसारखी पिवळी व्हायची. एखादा नवा कामगार विचारायचा, "मावशी, रोग पडलाय काय?"

"पान पिकलं म्हंजे झाड मेलं न्हाय. तुजं केस पिकल्यावर तुला उपटून टाकायचं व्हय?"

गेल्या दिवाळीनंतर त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सायेब, उन्हाळ्यात माजं काम संपतंय. साठ भरत्यात. ह्या एका सालाला कात्री लावू नगासा. गेटातनं येणाऱ्या माणसांस्नी एकदा तरी त्यो वास घेऊ दे. मग मी जातो गप."

मी मॅनेजरना विचारलं. ते "बघू" म्हणाले. बाहेर येऊन मी मावशींना सांगितलं, "झालं काम." बघू म्हणजे काय असतं हे वीस वर्षांच्या नोकरीत मला चांगलं ठाऊक होतं. तरीही सांगितलं.

"शबूद दिलासा बरं," मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नाचणीची भाकरी आणि खर्डा आणला. मी तो मिटक्या मारत खाल्ला.

जानेवारीत मोठे साहेब भेटीला येणार असं कळलं. मॅनेजर गेटजवळ थांबले, कुड्याच्या पिवळ्या पानांकडं बोट केलं आणि म्हणाले, "ही वाळकी झाडं काय त्यांना दाखवायची? कुंपण साफ करून घ्या."

त्यावरचं उत्तर मला पाठ होतं, मावशींनीच शिकवलेलं. मी "हो सर" म्हणालो. आणि शहाणपण असं की मावशींच्या सुट्टीचा दिवस बघून मशीनवाला बोलावला. हे मला मॅनेजरनी सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी स्वतःची.

तासाभरात कुंपण गुडघ्याएवढं झालं. शेंडे कळ्यांसकट ट्रॉलीत भरून गेले. मोठे साहेब आले ते गाडीच्या काचा वर करून, मोबाइलवर बोलत. कुंपणाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मॅनेजर, मोठे साहेब, त्या सगळ्यांचा मला आजही संताप येतो. पण त्यांना कळी कुठली ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून जास्त संताप माझाच येतो.

दुसऱ्या दिवशी मावशी टेबलाशी आल्या. त्या ओरडतील म्हणून मी दार लोटून घेतलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तळहात पसरला.

"पेन आणा हिकडं."

मी दिलं. त्यांनी ते कात्रीसारखं कमरेला खोचलं आणि गेटातून निघून गेल्या. परत आल्या नाहीत.

मार्चमध्ये पहिली पाळी सुटताना सायकल स्टँडपाशी माणसं थबकली. स्टँडमागच्या कोपऱ्यात, मशीन पोचलं नव्हतं तिथं, एक करवंदी पांढरीशुभ्र फुलली होती. भट्टी चालू असूनही वास गेटापर्यंत येत होता.

"कसला वो वास ह्यो, सायेब?" एकानं विचारलं.

"करवंदीचा. मावशींनी लावलेली."

"मग फोन लावून सांगा की त्यास्नी, फुललीया म्हणून."

माझ्याकडं नंबर नव्हता. नंबर शोधायचा तर नाव हवं, आणि सहा वर्षांत ते मी विचारलं नव्हतं. ऑफिसात जाऊन ठेकेदाराच्या याद्या काढल्या. दर महिन्याच्या यादीत एकच ओळ होती. माळीकाम, स्त्री, एक. आणि प्रत्येक यादीखाली माझी सही होती.