नणंदेचं नक्षत्र फुटायच्या बेतात

माझ्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न एका ताऱ्याने मोडत आणलं, आणि तो तारा पृथ्वीपासून शेकडो प्रकाशवर्षं लांब होता. (इतक्या लांबून लग्न मोडायचं तर घरातलं कुणीतरी मदतीला लागतं. ती मदत मी केली.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवत होते. आमचे हे ओझरला कारखान्यात. घरात सासूबाई आणि नणंद वैशाली. वैशालीने तोवर पाच स्थळं नाकारली होती. एकजण चहा पिताना आवाज करत होता, एकाने स्वयंपाक येतो का हे दोनदा विचारलं होतं. सहावा सिन्नरचा अनिल. एमआयडीसीत सुपरवायझर, बोलणं कमी. त्याला भेटून आल्यावर वैशाली म्हणाली, "चालेल."

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वैशालीच्या तोंडून "चालेल" म्हणजे दुसऱ्या मुलीने गच्चीवरून ओरडून सांगण्यासारखं होतं.

पत्रिका जुळली. छत्तीसपैकी सव्वीस गुण! रविवारी सकाळी सुपारी फोडायला अनिलची आई, मामा आणि स्वतः अनिल येणार, असं ठरलं.

आता माझा गुन्हा. सोमवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या वर्गाचा विषय : जवळचा तारा फुटला तर पृथ्वीला धोका आहे का? त्यासाठी मी एक मॉडेल केलं होतं. फुटबॉलवर कागदाचा लगदा, वर लालभडक रंग, आत बल्ब. बटण दाबलं की बल्ब पेटायचा आणि दारावरची आमची जुनी बेल कर्कश वाजायची. मागच्या पुठ्ठ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : "आर्द्रा फुटणार! पृथ्वी वाचेल का?"

खरं तर त्या ताऱ्याचं पुस्तकी नाव काक्षी. पण काक्षी कुणाला कळणार? तोच आर्द्रा नक्षत्राचा तारा, म्हणून मी आर्द्रा लिहिलं. लोकांना समजेल असं लिहावं, हा माझा आग्रह. लोकांना समजलं.

"ते भूत आत ने आधी," रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत वाळत ठेवलेल्या मॉडेलकडे बघून सासूबाई म्हणाल्या.

"ओलं आहे अजून, हलवलं तर रंग उडेल. झाकते ना!" आणि मी त्यावर विणलेला टेबलक्लॉथ टाकला. वर फुलदाणीही ठेवणार होते, पण तेवढ्यात पाहुणे आले.

मामा म्हणजे भरभक्कम माणूस. पांढरी टोपी, खिशात पत्रिकेची घडी. ते बरोबर मॉडेलशेजारी बसले आणि टेकायला म्हणून हात टेबलक्लॉथवर ठेवला.

बेल किंचाळली. टेबलक्लॉथखाली लाल उजेड पडला. मामा उडाले, त्यांच्या हातातला चहा अनिलच्या पँटवर उडाला, टेबलक्लॉथ खाली आणि पुठ्ठा सगळ्यांसमोर!

मामांनी वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग त्यांनी खिशातून घडी काढली, उलगडली, आणि बोट ठेवून म्हणाले, "पोरीचं नक्षत्र आर्द्राच हाय ना?"

बेल अजून चालूच होती. (बटण अडकलं होतं.)

अशा वेळी शहाण्या सुनेने "मुलांचं नाटक आहे हो" म्हणून पुठ्ठा उचलून न्यावा. मी शिक्षिका. मी खुर्ची पुढे ओढली.

"घाबरू नका," मी म्हणाले, "तारा म्हातारा झालाय, फुटणार आहे हे खरं. पण तो इतका लांब आहे की आपल्याला काही होणार नाही."

"फुटणार हे खरं?" अनिलच्या आईंनी छातीवर हात ठेवला.

"खरं. पण कधी ते नक्की नाही. उद्या फुटेल, नाहीतर लाख वर्षांनी."

"लग्न माघात हाय," मामा म्हणाले.

आमचे हे मला डोळ्यांनी खुणावत होते. मला वाटलं, पोहे आणायला सांगताहेत. मी म्हटलं, "थांबा हो, यांची शंका तर फिटू दे!" आणि मी तो शेवटचा खुलासा केला. आजही आठवला की कान गरम होतात.

"आणि तसं पाहिलं तर तो आधीच फुटलाही असेल! त्याचा उजेड इथे पोचायला शेकडो वर्षं लागतात. आपल्याला आज दिसतं ते त्याचं जुनं रूप."

अनिलच्या आई उभ्या राहिल्या. "म्हणजे फुटलेलं नक्षत्र पत्रिकेत घालून, जुनं रूप दाखवून मुलगी खपवताय?"

"जुनं रूप" म्हटल्यावर वैशाली एकदम लाल झाली. कारण सिन्नरला पाठवलेला तिचा फोटो कॉलेजच्या गॅदरिंगमधला होता. सासूबाईंना ठसका लागला. मामांनी तेही टिपलं!

पोह्यांना हात न लावता मंडळी निघाली. सुपारी तबकात तशीच राहिली. अनिलने जिन्यात एकदा मागे वळून पाहिलं, पण मामांनी त्याला दंडाला धरून पुढे नेलं.

दार लागल्यावर वैशाली शांतपणे म्हणाली, "वहिनी, पाच स्थळं मी मोडली. एवढं एकच ठेवलं होतं. तेही तुला बघवलं नाही?"

ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती आत गेली आणि तिने साडी बदलून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी. मी दुसऱ्या दिवशी प्रदर्शनातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि एसटीने सिन्नर गाठलं. पर्समध्ये खगोलशास्त्राचं पुस्तक. (शाळेच्या लायब्ररीचं. पुराव्यासाठी.)

मला वाटलं होतं, प्रकरण घरातल्या घरात असेल. अनिलच्या गल्लीच्या तोंडाशीच एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच बघ, ताऱ्याची बाई!" दारात पोचेपर्यंत माझ्यामागे सात-आठजणी होत्या. ओसरीवर मामा, शेजारी अनिलची आई, आणि समोर शेतातून आलेले तिघे-चौघे.

"बाई," त्यातला एकजण म्हणाला, "आर्द्रा फुटली तर आर्द्रेचा पाऊस कुठून पडायचा?"

"पावसाचा आणि ताऱ्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले.

"संबंध कसा नाय? मृगात पेरायचं, आर्द्रेत भिजायचं. मधलीच गळाली तर पुनर्वसू अलीकडं सरकंल का?"

मी पुस्तक उघडलं. अनुक्रमणिकेत पुनर्वसू नव्हता.

"बघा! बुकातबी नाय!" मामा म्हणाले. "लय अवघड हाय!"

मी वैशालीच्या लग्नासाठी गेले होते आणि अर्ध्या तासात सिन्नरची पेरणी धोक्यात आणली. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि अनिलच्या आईंना सरळ म्हणाले, "चूक माझी आहे. मुलीची काही नाही. फोटो जुना होता हेही खरं. पण ती स्वतः काल तुमच्यासमोर होती ना? आता यातून मार्ग काय, तेवढं सांगा."

हे त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी मला पाणी दिलं आणि गुरुजींना बोलावलं.

गुरुजी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि जराही दचकले नाहीत. सगळ्या प्रकरणात न दचकलेला हा एकमेव माणूस. म्हणाले, "आर्द्रेची देवता रुद्र. रुद्राभिषेक करा. तारा जागेवर राहील."

"बसणार कोण?" मामांनी विचारलं.

"ज्याने फुटणार म्हणून सांगितलं, त्याने."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नववीच्या वर्गात दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिते : "पुरावा दाखवा, मग विश्वास ठेवा." मी अनिलकडे पाहिलं. तो दारात उभा होता. तिथून तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, मलाही विज्ञान होतं. ते तारा वगैरे ठाऊक आहे मला. पण आईपुढे बोलायची सोय नाही. तेवढं बसून टाका ना!"

वहिनी म्हणाला! मी अर्ध्या मिनिटात हो म्हटलं.

गुरुजींनी वही काढली. "किती दिवसांसाठी हवंय? लग्नापुरतं असेल तर साधा अभिषेक पुरेल. कायमचं असेल तर लघुरुद्र करावा लागेल, त्याला अकरा ब्राह्मण लागतात."

कायमचं म्हणजे लाख वर्षं, असा हिशोब मी मनात केला. शाळेत सुट्ट्या शिल्लक नव्हत्या. अकरा ब्राह्मणांचा स्वयंपाक कुणी करायचा, हाही प्रश्न होताच. "साधाच करू," मी म्हणाले. "लग्न पार पडलं की झालं."

पुढच्या सोमवारी मी आणि हे पाटावर बसलो. सिन्नरकर झाडून हजर. गुरुजींनी संकल्पात तारा, पाऊस, वधू, वर असं सगळं घेतलं. ह्यांनी पळीने पाणी सोडता सोडता विचारलं, "हे तिथे पोचायला किती वर्षं लागतील गं?" मी कोपर मारलं. तीर्थ घेऊन उठले, तेव्हा अनिलच्या आईंनी स्वतः माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, "आता फुटू दे बरं कसा फुटतो ते!"

सुपारी फुटली. माघात लग्न झालं. त्या वर्षी आर्द्रेत पाऊसही दणकून पडला, आणि त्याचं श्रेय सिन्नरमध्ये मला मिळालं. मामा अजून कुठेही भेटले की चारचौघांत ओळख करून देतात, "या आमच्या बाई. यांनी तारा थांबवला."

प्रदर्शनात आमच्या मॉडेलला दुसरा नंबर मिळाला होता. मी सिन्नरहून परत येईपर्यंत परीक्षक निघायच्या तयारीत होते. जाता जाता त्यांनी मला विचारलं, "बाई, असा स्फोट टाळता येतो का हो?" मी ठामपणे सांगितलं, "नाही. तो माणसाच्या हातात नाही." दोन तासांपूर्वीच अभिषेकाला हो म्हणून आले होते!

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. वैशालीची मुलगीच नववीत आहे. मी अजूनही वर्गात तेच शिकवते : तारा लांब आहे, पृथ्वीला धोका नाही, फुटला तर काही महिने भर दुपारीही आकाशात चमकताना दिसेल, बस. मला त्यात काडीची शंका नाही.

फक्त हिवाळ्यात, संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना, मी पूर्वेकडे एकदा बघून घेते. तो लाल ठिपका आहे ना जागेवर, एवढंच. विज्ञान आपल्या जागी आहे हो, पण अभिषेक आम्ही साधाच केला होता.