पाठीचा शेक

वाशीत राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत तीनच बिऱ्हाडं होती. नवरा सकाळी खाडीपुलावरून मुंबईला गेला, की संध्याकाळपर्यंत मी आणि माझं अंग. मान, खांदे, पाठ, पोटऱ्या, सगळंच दुखायचं. रक्त, लघवी, एक्स-रे, सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्या शब्दाचा मला भयंकर राग यायचा. नवरा चांगला माणूस, पण त्याचा विश्वास कागदावर. "अगं, काही निघालंच नाही ना," असं म्हणायचा, जणू मीच काहीतरी दडवून ठेवलं होतं.

दारावर मासळी घेऊन जवळच्या गावातली एक आगरी मावशी यायची. एकदा तिची टोपली उतरवायला हात लावला आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"कुठं कुठं दुखतं" विचारणारे पुष्कळ भेटले होते. ती म्हणाली, "कुठं दुखत नाय, ते सांग बाय."

मी जरा विचार करून म्हटलं, "कानाच्या पाळ्या." दोघी हसत सुटलो.

गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या दिवशी ती रिकाम्या हाताने यायची. मिठागरातलं जाडं मीठ तव्यावर तापवायची, निर्गुडीच्या पाल्यासकट फडक्यात बांधायची आणि माझी पाठ शेकायची. "माज्या पन पाठीचं ह्येच हाय," म्हणायची. दुखणं जायचं नाही, खोटं कशाला सांगू? पण त्या दुपारी झोप लागायची.

मग नवऱ्याने मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. माहेरी कळलं तर मला वेडी ठरवतील, या भीतीने मी म्हणाले, "अहो, आता काही दुखत नाही."

वर्षभर दुखतंय म्हणत होते, ते पटलं नव्हतं. हे मात्र लगेच पटलं. पुढच्या गुरुवारी त्याला सुट्टी होती. मी आंघोळीला गेले असताना त्यानेच मावशीला दारातून सांगितलं, "आता बरी आहे ती. उगाच तुम्हाला त्रास नको."

दुसऱ्या दिवशी मावशी मासळी घेऊन आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "बरी झालीस ना बाय! देवानं आयकलं." नवऱ्याला खोटं पाडायला माझी जीभ रेटेना. मी "हो" म्हटलं आणि हसून तिची टोपली उतरवून घेतली.

गुरुवारी मी एकटीच मीठ तापवू लागले. खांदे, पोटऱ्या शेकून व्हायच्या. पाठीच्या मधोमध काही हात पोचायचा नाही.