नाझिमासाठी लिहिलेलं पत्र

आज अर्धी रजा टाकून एक पत्र लिहिलं. तेव्हापासून काही सुचेना, म्हणून तुम्हाला सांगतेय.

नाझिमानं आणि मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात आठ वर्षं एकाच टेबलावर पार्ट तपासले. आता ती अमेरिकेत आहे. तिथं कायम राहता यावं म्हणून तिच्या कंपनीनं अर्ज केला, तर सरकारी कचेरीनं आणखी पुरावे मागितले. त्यासाठी माझं पत्र हवं होतं.

माझं पहिलं पत्र तिच्या वकिलानं परत पाठवलं. "हुशार आहे, मेहनती आहे, हे सगळेच लिहितात. ती गेल्यावर तुमचं काय अडलं ते लिहा."

आधी रागच आला. मग जुनी फाईल काढून बसले. गळती तपासताना पार्ट घट्ट धरून ठेवायचं फिक्स्चर तिनं बनवलं होतं. ती गेल्यावर दोनदा नवं करून पाहिलं, जमलं नाय. आजही तिचंच वापरतो. साहेबांना विचारून त्याचा फोटो जोडला, सही केली, उस्मानपुऱ्यातल्या दुकानात स्कॅन करून पाठवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "लई भारी लिहिलंस गं. वकील पण खूश झाला. आता होतंय बघ."

व्हय, होईल. म्हणजे आता ती परत यायची नाय.

रोजे असले तरी डब्याच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसायची, मला एकटीनं जेवायला लागू नये म्हणून. हे पत्रात लिहिता आलं नाय. 'तिच्या जागी दुसरं कुणी मिळालं नाही,' एवढंच लिहिलं. त्या ओळीचा पुरावा कुणी मागितला नाय.

आज जेवताना तुमच्यासमोर कोण बसलं होतं?