म्हाताऱ्या मेंढ्यावर कॅप्सूलची ट्रायल

मागच्या आठवड्यात निघालो होतो माजलगावला, पण मध्येच आष्टीला मामाकडे उतरलो. माझं असंच असतं...

मामा मेंढ्या राखतो. मागे छातीत दुखलं तेव्हापासून त्याला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. आता पाय दुखतात, कळपामागे चालवत नाही. बाजारात कुणीतरी सांगितलं, त्या गोळीनं अंगातलं कोएन्झाइम क्यू टेन कमी होतं. ती बंद करा, ही कॅप्सूल घ्या, पुन्हा जवान व्हाल...

मामीला झोप नाही. मला म्हणाली, "दिवसभर मोबाईलमधी डोकं घालून ऱ्हातोस, आता कामाचं काईतरी पाह्य."

पाहिलं. (मध्येच जेलीफिशचा एक व्हिडिओपण पाहिला, ते सोडा.) खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा पेशीपेशीत बनते, त्या कामाला हे कोएन्झाइम लागतं. शरीर ते स्वतःच बनवतं, वयानुसार कमी होतं. पण बाहेरून घेतलं की म्हातारपण थांबतं, असं कुठं पक्कं सापडलं नाही.

मामानं फक्त 'वयानुसार कमी होतं' एवढंच ऐकलं. "मंग? बराबर सांगितलं की त्यानं!"

पण नवीन औषध आधी एका जनावराला, मग बाकीच्यांना, ही मामाची जुनी पद्धत. त्यामुळे कॅप्सूल भाकरीत दाबून म्हाताऱ्या मेंढ्याला चालू होती. "ह्यो पळाला, की माझी छातीची गोळी बंद."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढा खरंच पळाला! मी गारच पडलो...

मेंढा थांबला तो थेट मामीसमोर. ती परातीत खणखण ज्वारी ओतत होती.

"परात वाजली की ह्यो कॅप्सूलच्या आधीपासून रोज असाच पळतो," मामी म्हणाली. "तुमी कळप घेऊन फुडं जाता, ह्यो मागून येतो, तुमाला काय दिसतंय? आता तुमच्यासाठीबी परात वाजवू का?"

मामानं चप्पल घातली. "चल, डॉक्टरकडं."

डॉक्टर वैतागले. पाय दुखतात हे आधी सांगायचं ना... रक्त तपासलं, गोळी बदलून दिली. म्हणाले, कॅप्सूलनं पायाला कुणाला फरक वाटतो, कुणाला नाही, पण छातीच्या गोळीच्या जागी ती बिलकुल चालत नाही.

मी निघालो तेव्हा कळप पुढे गेला होता. मागे मामा आणि मेंढा, आपापल्या दमानं. मामाच्या बंडीच्या खिशातून गोळ्यांची स्ट्रिप डोकावत होती.

वय काही उलटं फिरलं नाही. पण दोघं चालत होते... त्याबद्दल मामीच्या परातीचे आभार.