चंद्रावर उभं उतरवायचं विमान

माझं विमान पुन्हा नाकावर आपटलं आणि आण्णा पुन्हा हसले. वडिलांच्या हसण्याचा इतका राग येऊ नये, हे मला कळतं. पण येतो. ते ओसरीवर बटाट्याचं बेणं निवडत बसले होते, आणि मी समोर पाटावर लॅपटॉप मांडून सकाळपासून आपटत होते.

खेळ अंतराळयानांचा. यान आपणच जोडायचं, आपणच उडवायचं, आपणच उतरवायचं. त्यात वजन, इंधन, ओढ सगळं खऱ्यासारखं धरलेलं असतं. मी विमान बांधलं होतं आणि मला ते चंद्रावर उतरवायचं होतं. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पंख नुसते शोभेला. धावपट्टीही नाही. म्हणून विमानाच्या पोटाखाली चार छोटे थ्रस्टर लावायचे, त्यांचा जाळ खाली सोडायचा आणि त्या जोरावर अधांतरी तोलून विमान सरळ खाली घ्यायचं. माझं विमान खाली येईपर्यंत शहाण्यासारखं वागायचं आणि जमीन दिसली की नाक खाली घालायचं.

मी मंचरच्या एका शाळेत मुलांना संगणक शिकवते आणि दर रविवारी निरगुडसरला आईवडिलांकडे येते. लॅपटॉप धाकट्या भावाचा, म्हणजे त्याने नवा घेतल्यावर टाकून दिलेला. भाऊ पुण्यात इंजिनिअर आहे. बारावीला त्याच्यापेक्षा मला जास्त मार्क होते. हे आमच्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. मला विमानांचंच शिकायचं होतं. फॉर्म भरून तयार होता. आण्णा तेव्हा म्हणाले, "पोरीच्या जातीला इमानं काय करायचीत?" दोन वर्षांनी भावाच्या ॲडमिशनला मात्र ते स्वतः पुण्याला गेले, नवी टोपी घालून. त्या टोपीचा मला अजून राग आहे.

त्या रविवारी भाऊही आला होता. खुर्चीत रेलून नाकाने कांदे सोलत होता. "ताई, थ्रस्टरची ताकद वाढव." वाढवली. विमान आधीपेक्षा जोरात आपटलं. "मग पायलटचीच चूक असेल," तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आण्णांनी हातातला बटाटा खाली ठेवला. "टाकी कुठं हाय त्याची?"

"मागे. शेपटीकडे."

"आन् जाळतंय ते तेल त्यातलंच?"

"हो."

"मग आपटनारच की. दोन चाकांच्या ट्रॉलीतनं आधी समदी मागची पोती उतरवली तर काय व्हतं? दाब म्होरं हुकावर येतो. तुझी टाकी रिती व्हती तसं शेपूट हलकं व्हतंय आन् नाक जड. टाकी मधी घे, त्या चार जाळांच्या मधोमध."

मी तोल साधला होता तो भरल्या टाकीचा. रिकाम्या टाकीचा तोल पाहायचं सुचलंच नव्हतं. शाळेत मुलांना मी हेच सांगत असते, शेवटापर्यंत तपासा म्हणून. लाज वाटायला हवी होती. पण मला वाटला तो संताप. या माणसाने जन्मात विमानात पाय ठेवलेला नाही, खेळ नीट पाहिलाही नाही, आणि दोन प्रश्नांत चूक पकडली. म्हणजे याला कळत होतं. मला काय शिकायचं होतं, ते याला घरात सगळ्यात चांगलं कळू शकलं असतं. आण्णा अडाणी असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

टाकी मधे घेतली. पुन्हा उडाले, चंद्र गाठला, चारही थ्रस्टर पेटवले. विमान डुललं, सावरलं आणि चारी पायांवर टेकलं. धूळ उडाली आणि बसली.

आण्णांनी मांडीवर थाप मारली आणि लगेच चुलत्यांना फोन लावला. "आरं, पोरानं चंद्रावर इमान उतरवलं! उभंच्या उभं! मग, त्याचाच कम्पुटर हाय. इंजिनेर उगाच झाला व्हय!"

भाऊ गालात हसला. नाही म्हणाला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"आण्णा, विमान मी उतरवलं."

"तेच की. पन मशीन त्याचंच ना?"

मी विमान परत वर उचललं, चांगलं उंच नेलं, आणि पाटासमोरून उठले. "ये," मी भावाला म्हणाले, "उतरव."

तो हसत येऊन बसला. एक बटण दाबलं, विमान उजवीकडे कललं. सावरायला दुसरं दाबलं, ते डावीकडे गेलं. मग नाक वर, मग शेपूट वर. "ताई, हे कुठलं दाबू? ताई, धर ना!" मी हाताची घडी घातली. इंधनाची पट्टी आखडत चालली होती. मला ते आपटायला हवं होतं, खोटं कशाला बोलू.

आण्णा फोन कानाशी धरून पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी भावाच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. फोनमधून चुलते हॅलो हॅलो करत होते.

"ऊठ," ते भावाला म्हणाले. "तिला बसू दे. ते काम तिचं हाय."

एवढंच वाक्य हवं होतं मला, त्या फॉर्मच्या वेळी. इतक्या वर्षांनी ते आलं, तेही एका खेळातल्या विमानासाठी. माझा राग तसूभरही कमी झाला नाही. पण विमान अधांतरी होतं आणि इंधन संपत आलं होतं, म्हणून मी बसले.