सरकारचा अभ्यास

मुरबे गावची जमना मावरं विकत घेताना प्रत्येक माशाचा कल्ला उचलून आतला लालपणा बघे. होडी सख्ख्या दिराची असली तरी. नवरा गेल्यापासून तिचा भरवसा होता तो आपल्या डोळ्यांवर.

सत्त्याऐंशी सालच्या थंडीत तिची मुलगी सुलू शाळेतून सांगत आली, "आये, उद्या सरकारचा माणूस येनार हाय. कॉम्प्युटरचा अभ्यास करायला."

"अभ्यास पोरांनी करायचा. सरकार कधीपासून करायला लागलं?"

"नापास झालं असंल, वयनी," शेजारची हंसा म्हणाली.

जमना हसली नाही. खाडीपलीकडच्या गावातही साहेब असाच अभ्यास करून गेले होते. घरात वीज हाय का, जागा कोणाच्या नावावर. त्यांच्यामागून आले ते जागा ताब्यात घ्यायला जमिनीत खुंट ठोकणारे. जमनाचं घर तर किनाऱ्याला चिकटूनच.

"काय बी विचारलं तरी नाय म्हनायचं," तिने बजावलं.

"पन हेडमास्तरांनी सगळ्याला हो म्हनायला सांगितलंय."

"बघ! म्हंजे पानी मुरतंयच."

दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तरुण साहेबाने मुलांना विचारलं, "कॉम्प्युटर वापरता ना?"

"हो!" सुलू सोडून सगळे एका सुरात.

"आणि तू गं?"

सुलूने खिडकीकडे पाहिलं. "नाय."

"घाबरलीय ती, साहेब," हेडमास्तर घाईने म्हणाले.

"नाय घाबरली. या खोलीला कुलूप असतं. उघडतात तेव्हा पोरगे बसतात. आमी पोरी मागं उभ्या."

जमना चपापली. लपवायला शिकवलेला 'नाय' खराच निघाला होता. साहेब लिहू लागला, तशी ती दारात आली.

"काय लिवता तुमी?"

"मुलींना बसायला मिळत नाही, असं."

"आनि घराचं?"

"घराचं काही नाही, बाई."

तिने त्याचा चेहरा निरखला. खात्री पटेना. साहेबाने कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली होती आणि सुलू खुर्चीची पाठ घट्ट धरून आईकडे बघत होती. नको म्हटलं असतं तर पोरगी निमूट मागे सरली असती. जमनाला ते तिच्या बोटांवरून कळत होतं.

"बस गो," ती म्हणाली.

सुलू बटणांवर एकेक अक्षर शोधत राहिली. काळ्या काचेवर हिरवं काहीतरी उमटलं.

"आये, माझं नाव!"

जमना खाली वाकली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने ते बराच वेळ पाहिलं.

"बरं हाय," ती हळूच म्हणाली. "पन आडनाव नको घालू."