टॉवेलांमागचा गोळा

आजीने एकदा बॉम्ब टॉवेलांमागे लपवून ठेवला होता, असं तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं. रविवारी व्हिडिओवर तुम्ही दोघं त्यावरून इतके हसलात की मला पुढचं बोलताच आलं नाही. म्हणून लिहिते आहे. तो बॉम्ब नव्हता. पण लपवला होता हे खरं, आणि त्यात हसण्यासारखं फार थोडं होतं.

आजोबा निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता ते मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावतील. त्याऐवजी त्यांनी अर्ध्या तासावरच्या पुकेकोहे गावी जायला सुरुवात केली. तिथे कांद्याची शेती करणाऱ्या एक बाई आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, पायात बारा महिने गमबूट. त्यांच्या शेडमध्ये दर शनिवारी पाच-सहा माणसं जमतात आणि शोभेच्या दारूचे गोळे हाताने बनवतात. नळीतून उंच उडून आभाळात फुलासारखे उमलतात, ते गोळे. सगळ्यांकडे परवाने आहेत आणि वर्षातून मोजून दोन-तीनदा उडवायची परवानगी मिळते. आजोबांनी जन्मभर पुलांची गणितं केली, कुठेही काही पडू नये, फुटू नये म्हणून. म्हातारपणी काहीतरी फुटावं असं त्यांना वाटलं असेल.

पहिलं वर्षभर मी गाडीत पुस्तक वाचत बसायची. एकदा चहा द्यायला आत गेले, तर सगळे गोळ्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होते. पट्ट्यांना सुरकुत्या पडल्या होत्या आणि डिंकाचे ओघळ मनगटापर्यंत आले होते.

"हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"तुला येतं का?" कांदेवाल्या बाई म्हणाल्या.

मला येत होतं. लहानपणी आमच्या घरचा आकाशकंदील मीच करायची. कामट्यांवर पतंगाचा कागद लावायचा तो मैद्याच्या खळीने, आणि खळ घट्ट झाली किंवा बोट जोरात फिरलं की कागद फाटायचा. पुढच्या शनिवारी मी घरून खळ करून नेली. त्या दिवसापासून कागद लावायचं काम माझं झालं. वरचा कागद सगळीकडून सारखा असला तर गोळा गोल फुलतो. एक बाजू कच्ची राहिली की सगळं तिकडूनच निसटतं. गोळ्याच्या आत काय असतं आणि किती, ते मी लिहिणार नाही. ती खोली वेगळी होती आणि मला तिथे प्रवेश नव्हता. शिवाय तुमची आई मला फोन करून झापेल.

शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिलेले आहेत. त्यातला दुसरा असा: भरलेला गोळा शेडबाहेर जाणार नाही.

त्या हिवाळ्यात आजोबांना वाचताना मधला शब्द दिसेनासा झाला. ओळीची दोन्ही टोकं दिसायची, मध्ये भोक. उजव्या डोळ्याने आधीच दगा दिला होता, आता डावाही त्याच वाटेला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मधली नजर जाईल, कडेची राहील." किती दिवसांत, असं मी विचारलं. काही महिने, कदाचित वर्ष. परत येताना गाडी मी चालवत होते. वाटेत मनुरेवाच्या सिग्नलला आजोबा म्हणाले, "एक गोळा माझा करतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो डोळ्यांनी बघतो, मग पुरे."

तोवर त्यांनी दुसऱ्यांच्या गोळ्यांना हात लावला होता. आपला स्वतःचा एकही नव्हता.

दिवाळीच्या आसपासच्या एका शनिवारची परवानगी मिळाली. इथे दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत असतो, म्हणजे पाऊस, वारा आणि पुन्हा पाऊस. कागदाचा एकेक थर वाळायला दोन दोन दिवस लागत होते. गुरुवारी सकाळी आम्ही दोघं मुद्दाम शेडवर गेलो. मी गोळा गालाला लावून पाहिला. गार होता. गार म्हणजे ओला, हे कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही कळतं.

"नाही वाळला तर नाही उडणार," कांदेवाल्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी."

"पुढची वेळ कधी?"

"उन्हाळाभर आगीची बंदी. आता थेट मे महिन्यात."

मी मनात महिने मोजले. आजोबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग ती दोघं शेतात नळ्या कुठे पुरायच्या ते बघायला गेली, आणि मी तो भरलेला गोळा उचलून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, भोवती नॅपकिन गुंडाळला आणि डबा गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला.

मला तेव्हा काय वाटलं, ते तुम्हाला नीट सांगायला हवं. मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे वसुबारसेला वडील गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून फटाके मांडायचे. लवंगी, भुईनळे, चक्र, सगळं. "फटाक्यांना ऊन दाखवा रे," असं शेजारच्या गच्चीवरूनही ऐकू यायचं. ऊन दाखवलेला फटाका फुसका निघत नाही, हे मला पाढ्यांइतकं पाठ होतं. इथे ऊन नव्हतं. पण गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. प्रत्येक जुन्या घरात असतं ते, वर टॉवेल आणि चादरी, खाली टाकी. मी त्यात दही लावते, थंडीत इडलीचं पीठही तिथेच फुगवते. घरी येईपर्यंत आजोबा शेजारी बसून रेडिओ ऐकत होते. ते चपला काढत होते तेवढ्यात मी डबा टॉवेलांमागे सरकवला, दह्याच्या भांड्याशेजारी.

चार वाजता ते आंघोळीला म्हणून टॉवेल घ्यायला गेले. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते.

"दह्याशेजारी डबा कसला आहे?" त्यांनी विचारलं.

"बिस्किटांचा."

"बिस्किटं विरजायला ठेवलीस?"

मी सुरी खाली ठेवली.

"उघडला नाही मी," ते म्हणाले. "टॉवेल ओढताना हाताला लागला, तेवढ्यात वजन कळलं. गॅस बंद कर. चपला घाल. बाहेर चल."

इतक्या हळू आवाजात ते कधीच बोलत नाहीत. आम्ही बाहेर आलो. शेजारच्या अंगणात तीन मुलं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. त्यांचं ट्रॅम्पोलिन आणि आमच्या त्या कपाटाची भिंत यांच्यात दहा पावलंही नाहीत. रोज बघत होते मी ते. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा दिसलं.

आजोबा कुंपणापाशी जाऊन शेजारणीशी बोलले. तिने कारण विचारलं, त्यांनी खरं सांगितलं. ती मुलांना घेऊन, त्यांच्या पायात चपलाही न घालता, रस्त्याच्या पार टोकाला निघून गेली. मग आजोबांनी पुकेकोहेला फोन लावला. कांदेवाल्या बाई अर्ध्या तासात आल्या, युटमध्ये, म्हणजे त्यांच्या उघड्या टेम्पोत, मागे पाण्याची मोठी बादली घेऊन. आत एकट्या गेल्या. डबा दोन्ही हातांनी धरून बाहेर आल्या, झाकण काढलं आणि गोळा पाण्यात सोडला. बुडबुडे येत राहिले. माझी खळ सुटून पाणी दुधासारखं पांढुरकं झालं.

"कोणाची कल्पना?" त्यांनी विचारलं.

"माझी," आजोबा म्हणाले.

"नाही, माझी. हे खोटं बोलताहेत."

"कळतंय मला. इतकं कच्चं खोटं बोलणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू हॉस्पिटलात औषधं द्यायचीस ना? लेबल नसलेली बाटली कपाटात सापडली, तर काय करायचीस?"

"नष्ट करायची."

"आणि ठेवणारीचं?"

एका नव्या मुलीला मी तेवढ्यासाठी सगळ्यांदेखत बोलले होते. ती रडली होती. "घरी पाठवलं होतं," मी म्हटलं.

"मग तू पण घरी राहा," त्या म्हणाल्या आणि युट सुरू केली.

शेजारणीकडे मी त्याच संध्याकाळी गेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा नाही." मी म्हटलं, पुन्हा नाही. तिची मुलं आजही आमच्याकडे शंकरपाळे खायला येतात, त्याचं श्रेय तिचं आहे, माझं नाही.

रात्री जेवताना आजोबांनी दहीभात मागून घेतला. "छान लागलंय दही," म्हणाले.

"रागवा तरी," मी म्हटलं.

"रागावलो असतो. पण तू का केलंस ते मला माहीत आहे ना. तिथेच पंचाईत होते."

त्या शनिवारी ते बाकीच्यांचे गोळे बघून आले. मी गाडीतच होते. दार लावून घेत म्हणाले, "समोर बघितलं की भोक. भलतीकडे बघितलं की दिसतात." एवढंच. घरी येईपर्यंत त्यांचा हात माझ्या ओढणीच्या टोकाशी चाळा करत होता.

जानेवारीत कांदेवाल्या बाईंनी मला परत बोलावलं. दारावरचे सगळे नियम मोठ्याने वाचायला लावले, दुसरा नियम दोनदा. मग आजोबांनी नवा गोळा सुरू केला. आता त्यांचं बरंचसं काम हातांनी चाचपून चाले. जे चाचपून होण्यासारखं नव्हतं, ते बाई करायच्या आणि हे शेजारी उभे राहून सूचना देत त्यांचं डोकं खायचे. फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात शेडमध्येच कागद पापडासारखा खडखडीत वाळला. मी लेबल लावलं आणि घरी हात हलवत आले.

मे उजाडला तोवर डाव्या डोळ्याचा मधला भागही गेला होता. टेबलापलीकडे कोण बसलंय ते मी बोलेपर्यंत त्यांना कळत नसे.

संध्याकाळी सहालाच अंधार पडला. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. शेतापासून लांब, दोरीच्या अलीकडे घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी फिजोआच्या फळांची पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि त्या गोळे उडवायच्या बटणांच्या पेटीकडे गेल्या. आधी इतरांचे तीन गोळे उडाले. तिन्ही वेळा आजोबा म्हणाले, "गेला." उजेड दिसला की नजर आपोआप त्याच्यावर जाते, आणि नजर गेली की तो नेमका त्या भोकात पडतो. तिसऱ्यानंतर त्यांनी हात मांडीवर ठेवले. चौथा त्यांचा होता.

मी उठले आणि त्यांच्यासमोर, आभाळाकडे पाठ करून उभी राहिले.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "काही झालं तरी वर बघायचं नाही. माझ्याकडेच."

"तू मला दिसत नाहीस."

"माहीत आहे. मी बोलत राहते. आवाजाकडे बघा."

"काय बोलणार आहेस?"

"दोन चमचे मैदा," मी म्हटलं. "एक वाटी पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या. मग मंद आचेवर. ढवळणं थांबवायचं नाही..."

मागे धप्प झालं. पायाखालची जमीन हलकेच हलली. त्यांची हनुवटी वर जायला लागली.

"ढवळणं थांबवायचं नाही!" मी ओरडले.

हनुवटी थांबली. मग त्यांचा सगळा चेहरा सोनेरी झाला आणि चष्म्याच्या दोन काचांत दोन छोटी गोल फुलं उमलली. मी आजोबांचा गोळा तेवढाच पाहिला. आवाज नंतर आला.

"आला," ते म्हणाले. "गोल आला. अगं, तुझ्या सगळ्या बाजूंनी आला." काचांतलं सोनं खाली खाली ओघळत विझलं, तरी ते माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "डावीकडे जरा विरळ वाटला."

"तिथला कागद माझा होता."

"तरीच."

मी ते कांदेवाल्या बाईंना इंग्रजीत सांगितलं. "काही विरळ नव्हता!" बाई पेटीपाशी उभ्या राहून ओरडल्या. "म्हाताऱ्याला सांग, पुढचा स्वतः चिकटव!"

पुढचा त्यांनी केला नाही. पुरे म्हणाले होते, ते पाळलं. आता शनिवारी ते शेडबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि मी आत कागद लावते.

तुम्हाला हे सगळं सांगायचं आणखी एक कारण आहे. रविवारी तुम्ही म्हणालात, "आजोबा आमच्याकडे बघतच नाहीत, सारखे पंख्याकडे बघतात," आणि फोन वर-खाली करत राहिलात. तसं करू नका. फोन एका जागी ठेवा आणि दोघं जवळ जवळ बसा. ते पंख्याकडे बघायला लागले, की समजा तुम्ही त्यांना दिसताय.